पोतनीसांचा वारा

आमच्या चौकात पहाटे पाचला एक उदबत्ती जळते. देवापुढे नाही, तसबिरीपुढे नाही, नुसती हवेत. ती हातात धरून पोतनीस उभे असतात. डोक्याला माकडटोपी, गळ्यात शिट्टी, अंगात बिनबाह्यांचा स्वेटर आणि नजर धुरावर. धूर एका बाजूला वळला की त्यांचा चेहरा खुलतो. सरळ वर गेला की ते नाराज होतात. वारा नसला की त्यांचा दिवस वाया जातो.

रस्त्याने जाणाऱ्या बायकांना काय कळणार हा काय प्रकार आहे. गल्लीत नवीन आलेली एक भाडेकरीण पहिल्याच दिवशी चप्पल काढून हात जोडून गेली. दुसऱ्या आठवड्यात त्या जागी कोणी फूल ठेवलं. मग एक दगड आला, दगडाला शेंदूर आला, आणि आता मंगळवारी तिथे नारळ फुटतो. पोतनीसांना वारा बघायला चार पावलं बाजूला उभं राहावं लागतं. त्यांना त्याचं काही नाही. लोक भाविक आहेत, म्हणतात. आपल्यामुळे हा देव झाला हे त्यांच्या ध्यानातही आलेलं नाही.

ह्या वाऱ्याचं करायचं काय, तर सायकल. पोतनीसांनी सायकलस्वारांची एक टोळी बाळगली आहे. ते तिला पथक म्हणतात.

आता देवासची गंमत अशी की पूर्वी इथे एकाच गावात दोन संस्थानं होती. रस्त्याच्या ह्या अंगाला थोरली पाती, त्या अंगाला धाकटी. पोतनीसांचे पणजोबा धाकट्या पातीच्या खजिन्यावर होते. खजिना गेला, राजे गेले, पोतनीस राहिले. ते स्वतः पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकुनी करून निवृत्त झाले, पण बोलतात असं की घोडदळ परवाच्या परवा मोडलं. स्वतःला आम्ही म्हणतात. पथकाचं नाव त्यांनी ठेवलं धाकटी पाती सायकल पथक, आणि पोपटी रंगाच्या सदऱ्यांवर पाठीमागे तेच छापून घेतलं. थोरल्या पातीच्या बाजूला राहणारा माणूस पथकात घ्यायचा नाही असा नियम. त्यांच्यात दम नाही, म्हणतात, पूर्वीपासूनच नाही.

बंटीला घेतलं तेव्हा पहिला प्रश्न हाच की तुझं दुकान रस्त्याच्या कुठल्या अंगाला. बंटी मोबाइल दुरुस्त करतो. जन्म इथलाच, घरात मराठी बोलतात, पण ह्याला मराठी वाचायची सवय नाही आणि बोलताना तिसऱ्या शब्दाला तो हिंदीत उतरतो. त्याला बिचाऱ्याला वाटलं, काकांना फोन द्यायचा असेल. म्हणाला, "काका, पेट्रोल पंप के बाजू में." ते धाकट्या पातीत बसलं. बंटी पथकात आला.

दुसरे शिंदे, वीज मंडळातले. तिसरे पाटणकर, बँकेतले. आणि चौथे आमचे हे.

ह्यांना डॉक्टरांनी पोट कमी करायला सांगितलं होतं. कारखान्यातल्या एका जोडीदाराची सायकल ह्यांनी जुनी घेतली आणि एका रविवारी बायपासला एकटेच निघाले. मागून मोपेडवर छत्री उघडून पोतनीस आले आणि म्हणाले, "मोरे, एकटा वारा खाता? मूर्ख आहात." हे घरी येऊन मला सांगतात, फार जाणकार माणूस भेटला. मूर्ख म्हटल्यावर खूश होणारा माणूस मी माझ्या घरात पहिल्यांदा पाहिला.

वारा वाटून खा, हे पोतनीसांचं ब्रह्मवाक्य. सायकलवाल्याला सगळ्यात जास्त त्रास रस्त्याचा नाही, वाऱ्याचा. पुढचा माणूस वारा फोडतो, त्याच्या मागे चाकाला चाक लावून जे येतात त्यांना पेडल हलकं जातं. म्हणून पुढच्याने थोडा वेळ पुढे राहायचं, मग बाजूला होऊन शेपटाला यायचं, दुसऱ्याने पुढे व्हायचं. पाळीपाळीने. एवढंच आहे. हे समजायला मला एक चहा होईपर्यंतचा वेळ लागला. पथकाला तीन वर्षं लागली आणि तरी समजलं नाही.

कारण शिंद्यांची पाळी आली की त्यांच्या बुटाची नाडी सुटायची. दर वेळी. रस्ता कुठलाही असो. पाटणकर पुढे गेले की मागच्यांना वळून व्याजाचे दर सांगायचे. बंटी पुढे गेला की जो सुटायचा तो दिसेनासा व्हायचा. मागे माणसं आहेत हे तो विसरूनच जायचा. आणि आमचे हे पुढे असले की मागच्यांना वारा लागत नसे हे खरं, पण ते पुढे जात आहेत की उभे आहेत हेही कळत नसे.

पोतनीस ह्या सगळ्यांच्या मागे मोपेडवर. एका हातात छत्री, तोंडात शिट्टी. एक शिट्टी म्हणजे पुढच्याने मागे या. दोन म्हणजे अंतर कमी करा. तीन म्हणजे थांबा. एकदा त्यांनी तीन शिट्ट्या दिल्या तर शाळेची बस थांबली, तिच्यामागे उसाची ट्रॉली थांबली, आणि पथक तेवढं पुढे निघून गेलं. पोतनीसांना स्वतःला सायकलवर कोणी पाहिलं नव्हतं. गल्लीत बोलायचे की त्यांना येतच नाही. मलाही तसंच वाटायचं. ज्याला येतं तो इतकं सांगत नाही.

पावसाळ्यात रस्त्यावर जाता येत नसे, तेव्हा सराव आमच्या ओट्यावर. प्लास्टिकच्या चार खुर्च्या एकामागे एक. त्यावर चार मोठे पुरुष, पुढे वाकलेले, हात हवेत धरलेले, पाय खालीवर. शिट्टी झाली की पुढच्याने उठायचं, मागे जाऊन बसायचं, बाकीच्यांनी एकेक खुर्ची पुढे सरकायचं. समोरच्या घरातल्या बाई तास-दीड तास बघत होत्या. मग मला हळूच विचारतात, गाणं कधी लावणार? त्यांना संगीत खुर्ची वाटली होती. खुर्च्या का काढून घेत नाहीत म्हणून त्यांना चुकल्यासारखं होत होतं. मी आत जाऊन कणीक मळायला घेतली. तोंड लपवायला कणीक बरी असते.

खाण्याचे नियम वेगळे. शेव म्हणजे शत्रू. माळव्यात राहून शेव सोडायची म्हणजे पाण्यात राहून ओलं व्हायचं नाही असं सांगण्यासारखं आहे. इथे पोह्यांवर शेव, भाजीवर शेव, दह्यात शेव, कोणी मेलं तर तिसऱ्या दिवशी माणसं येतात त्यांनाही शेव. त्याऐवजी उकडलेली रताळी खायची. रताळी कोण उकडणार, तर मी. "वहिनींना सांगा, साल काढू नका," असं ते माझ्यासमोर उभं राहून ह्यांना सांगायचे. मीही उत्तर ह्यांनाच द्यायची. तीन वर्षं मी रताळी उकडली. ती सदऱ्याच्या मागच्या खिशात जायची, आणि संध्याकाळी धुवायला काढताना पुष्कळदा खिशातच सापडायची. कारण बायपासच्या कोपऱ्यावर कचोरीची गाडी आहे.

पण सगळ्यात कहर झाला तो मिशीचा. पोतनीसांनी एक दिवस चौघांना रांगेत उभं करून चेहरे तपासले आणि ठरवलं की मोऱ्यांच्या मिशीला वारा अडतो. ह्यांची मिशी चांगली भरघोस होती. पोट तेवढंच ठेवून मिशी काढण्यात काय शहाणपण, हे कोणी विचारलं नाही. हे न्हाव्याकडे जाऊन आले. रात्री गावाहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. मुलाचा मिशी नसलेला चेहरा पाहिला आणि त्यांनी एकदम हंबरडा फोडला. बापाच्या माघारी मुलगा मिशी काढतो. ह्या बाईंना वाटलं, आपल्याला कोणी काही सांगत नाही. बाजूच्या खोलीत मामंजी ज्वारीची भाकरी खात बसले होते. ते उठून आले आणि फोनमध्ये बघून मुलाला म्हणाले, "मी जिवंत आहे रे, थोडी वाट बघायचीस."

त्यानंतर सहा महिने सासूबाई माझ्याशी नीट बोलल्या नाहीत. पोतनीसांना हे कळल्यावर ते गंभीर झाले. म्हणाले, पण फरक पडला की नाही?

एवढा खटाटोप चालला होता एका गोष्टीसाठी. चार जणांची जी शर्यत असते तिचा हिशेब असा की घड्याळ पहिल्यावर थांबत नाही, चौथ्यावर थांबतं. पहिला कितीही लवकर पोचो, चौथ्याचं चाक रेषेवर आलं की वेळ धरतात. आणि चौथा आलाच नाही तर पथक आलंच नाही. निकालात नाव नाही. धाकट्या पातीचं नाव कुठल्याही निकालात कधीच लागलं नव्हतं. हाटपिपल्याच्या रस्त्यावरच्या शर्यतीत बंटी सगळ्यांच्या आधी एकटाच पोचला, दोन्ही हात वर करून, आणि मागे वळून पाहिलं तर कोणी नाही. पाटणकर पंक्चर काढत होते, शिंदे त्यांना मदत करत होते, आणि आमचे हे नरसिंहाच्या दर्शनाला थांबले होते. दुसऱ्या वर्षी तीन आले. कोण राहिलं ते सांगत नाही, माझ्याच घरातलं आहे.

पोतनीसांना जिंकायचं नव्हतं. त्यांना फक्त भोंग्यावर नाव ऐकायचं होतं. धाकटी पाती सायकल पथक, देवास, असं सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं. त्यासाठी म्हातारा माणूस वर्षानुवर्षं पहाटे उठतो ह्याचं मला हसू यायचं. गेलेल्या संस्थानाचं नाव भोंग्यावर घेतल्याने काय खजिना परत येणार आहे?

यंदा मात्र शेवटची संधी होती. ह्यांची बदली पीथमपूरच्या कारखान्यात झाली होती, फेब्रुवारीत आमचं सामान जायचं होतं. बंटी इंदूरला दुकान टाकणार होता. पथक मोडणार हे सगळ्यांना माहीत होतं, कोणी बोलत नव्हतं. शर्यत धारला होती. धारहून मांडूच्या रस्त्याने नालछ्यापर्यंत जायचं आणि परत यायचं. पोतनीसांनी नोव्हेंबरपासून शिट्टी तोंडातून काढली नाही.

आणि शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी पाटणकर येऊन सांगतात, मला जमणार नाही. सुनेचं डोहाळजेवण त्याच दिवशी ठेवलं होतं. बायकांनी ठरवलं, ह्यांना विचारलं नाही, आणि आता सासराच नाही म्हटल्यावर व्याही काय म्हणतील. पोतनीसांनी सगळं ऐकून घेतलं. मुलगा व्हावा की मुलगी, तेवढं विचारलं. मग छत्री घेऊन घरी गेले.

सकाळी व्हॅन निघाली. मी व्हॅनमध्ये होते, कारण धावत्या गाडीतून पाण्याच्या बाटल्या द्यायला कोणीतरी लागतं आणि त्या कामाला कोणी पुरुष मिळाला नव्हता. वर टपावर चार सायकली. चौथी आधी कधी पाहिली नव्हती. जुनी, बारीक चाकांची, पेडलला चामड्याचे पट्टे. आणि पुढच्या सीटवर पोपटी सदरा घालून पोतनीस. सदरा पाटणकरांचा, तो त्यांच्या अंगावर दोरीवर वाळत घातल्यासारखा दिसत होता.

बंटीला राहवलं नाही. म्हणाला, "काका, आप चलाते भी हो?"

"चिरंजीव, आम्ही चालवत होतो तेव्हा तुमचे वडील तीनचाकीवर होते."

शिंद्यांनी खिडकीबाहेर बघितलं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी बाटल्यांकडे बघितलं. आता नाव लागणार नाही हे पक्कं झालं, असं चौघांच्याही मनात होतं. मी बोलून दाखवत नाही एवढंच.

धारला थंडी फार होती. रेषेपाशी एक साहेब कागद हातात घेऊन नियम सांगत होते. वेळ चौथ्या चाकावर. कोणी कोणाला धरायचं नाही, ढकलायचं नाही, हात लागला की पथक बाद. पोतनीस प्रत्येक वाक्याला मान हलवत होते, जणू हे त्यांनीच लिहून दिलं आहे. आमचे हे त्या वेळी तिथे नव्हते. ते मैदानाच्या कडेला कचोरी खात होते, वर शेव. मी व्हॅनमधून बघत होते. हाक मारायची तर सगळं मैदान वळून बघणार, म्हणून गप्प बसले.

निघाले. आणि पोतनीसांना सायकल येत होती.

नुसती येत नव्हती. ते वाकले ते असे की पाठीवर ताट ठेवलं तरी पडलं नसतं. काड्यापेटीतल्या काड्यांसारखे पाय, पण शिलाईच्या मशीनसारखे एका लयीत. जाताना वारा पाठीशी होता, चौघे वीतभर अंतरावर एकामागे एक निघाले. पहिल्यांदाच ते पथकासारखे दिसत होते. नालछ्याला वळसा घेतला आणि वारा तोंडावर आला. रस्त्याकडेचा कचरा उलटा उडायला लागला. पोतनीस पुढे झाले. थोड्या वेळाने त्यांनी एक शिट्टी दिली, म्हणजे पुढच्याने मागे यायचं. पुढे ते स्वतःच होते. ते हलले नाहीत. पुन्हा शिट्टी दिली, पुन्हा हलले नाहीत. शिंदे, ज्यांनी तीन वर्षांत वारा तोंडावर घेतला नव्हता, ते आपणहून बाजूने पुढे यायला लागले तर पोतनीसांनी हाताने खूण करून त्यांना मागेच ठेवलं. मला वाटलं, म्हातारा हावरा आहे. दुसऱ्यांना वाटून खायला सांगतो आणि स्वतः सगळं एकटाच खातो.

पण त्यांच्या आडोशाने बाकीचे तिघे ताजे राहिले होते. पथकं काही मिनिटांच्या अंतराने एकेक सोडली होती. आधी सुटलेलं एक पथक त्यांनी गाठलं आणि मागे टाकलं. मग दुसरं. व्हॅनचा ड्रायव्हर मला म्हणाला, भाभी, आज तो नंबर लगेगा.

आणि मग कचोरीने काम केलं.

आधी ह्यांच्या चाकापुढे वीतभर जागा झाली, मग हातभर, मग बैलगाडी जाईल एवढी. चेहरा पांढरा. सायकल रस्त्यावर नागमोडी जायला लागली. बंटी आणि शिंद्यांना कळलंच नाही. पोतनीसांनी वळून पाहिलं. ते बाजूला होऊन हळू झाले, त्या दोघांना पुढे जाऊ दिलं आणि ह्यांच्या बाजूला आले. आमची व्हॅन अगदी मागे होती, काच खाली होती. मला सगळं ऐकू येत होतं.

ते म्हणाले, "मोरे, वहिनी गाडीत बसल्या आहेत. त्यांच्यासमोर पडायचं नाही."

 ह्यांची सायकल आणखी हलली. तेव्हा पोतनीसांनी डावा हात काढला आणि ह्यांच्या पाठीवर ठेवला, दोन खांद्यांच्या मधे, आणि ढकलायला लागले.

"काका, हात काढा. बाद होऊ," हे म्हणाले.

"बाद तर बाद. तुम्ही पाय चालवा."

एका हाताने सायकल, एका हाताने आमचे हे. आमच्या ह्यांना ढकलणं म्हणजे काय ते मला माहीत आहे, घरात पलंग सरकवण्यापेक्षा अवघड आहे. वारा समोरून. म्हातारा माणूस तोंडाने श्वास घेत होता आणि मधे मधे ह्यांना पीथमपूरबद्दल विचारत होता. घर मिळालं का. पाणी कधी येतं. शाळा जवळ आहे का. ह्यांचं लक्ष पोटावरून जावं म्हणून. धारचं पहिलं घर दिसेपर्यंत त्यांनी हात काढला नाही. कोणी बघायला नव्हतं. तपासणीवाले मोटारसायकलवरून कधीच पुढे गेले होते. बंटी आणि शिंदे वळणावर थांबले होते. चौघे एकत्र झाले आणि एकत्रच रेषेवर गेले.

ह्यांनी तंबूमागे जाऊन पोट मोकळं केलं. मी पाणी दिलं. तोवर बंटी टेबलाशी जाऊन कागदात डोकावून आला. तो पळत आला. तिसरे आलो होतो.

तिसरे. मी व्हॅनच्या पायरीवर बसले. रताळ्यांचं सार्थक झालं असं मला त्या वेळी खरंच वाटलं. शिंदे डोळे पुसत होते आणि वाऱ्याने पाणी आलं म्हणत होते.

पोतनीस कुठे आहेत म्हणून पाहिलं तर ते टेबलाशी. कागदवाल्या साहेबांशी वाकून काही बोलत होते. साहेब मान हलवत होते, नको नको म्हटल्यासारखं. पोतनीसांनी बोट कागदावर ठेवलं. साहेबांनी पेन उघडलं आणि एक रेघ मारली.

भोंग्यावर नावं वाचली. तिसरं नाव कुठल्यातरी महू बाजूच्या पथकाचं होतं.

बंटी रडकुंडीला आला. "काका, किसी ने देखा नी था. कोई भी नी था वहां."

"आमचा हात होता," पोतनीस म्हणाले. "आम्हाला माहीत होतं."

मला इतका राग आला की सांगता येत नाही. तीन वर्षांची रताळी, मिशी, सासूबाईंचे सहा महिने, सगळं एका रेघेत गेलं. ढकलायचं होतं तर गप्प बसायचं, आणि सांगायचं होतं तर ढकलायचं नाही. दोन्ही करायचं म्हणजे हे ह्याच माणसाला सुचावं.  देवासला उतरल्यावर पोतनीसांनी आपली सायकल खांद्यावर घेतली आणि गेले.

दुसऱ्या दिवशी पाण्याच्या बाटल्यांचा क्रेट परत करायचा होता, तो त्यांचा होता. हे जायला तयार होईनात. लाज वाटत होती. म्हणून मी गेले. म्हटलं दारात ठेवते आणि येते.

दार उघडं होतं. इतक्या वर्षांत त्यांच्या घरात मी गेले नव्हते. कोणीच गेलं नव्हतं. लग्न त्यांनी केलं नाही, का नाही ते विचारण्याची सोय नाही. दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत भिंतीला धरून सतरंजीच्या घड्या टाकलेल्या, आणि प्रत्येक घडीपुढे एक ताट, एक वाटी, एक पाण्याचं भांडं. ताटं पितळेची होती, घासून लख्ख केलेली. त्यांच्यावर एका दिवसाची धूळ बसली होती.

ते आतून आले. हातात पातेलं होतं. मला पाहून थांबले, आणि ह्या वेळी मधे कोणी नव्हतं म्हणून माझ्याशीच बोलावं लागलं.

"परवा करून ठेवली होती," म्हणाले. "बासुंदी. निकालानंतर सगळ्यांना घेऊन यायचं असं मनात होतं. आता टाकतो."

मी म्हटलं, टाकता कशाला, बोलवा की सगळ्यांना.

ते पातेल्यात बघत राहिले. "कशाबद्दल बोलवायचं?" म्हणाले. "काही झालेलंच नाही. कारण नसताना कसं बोलवायचं माणसांना?"

मी ताटांकडे पाहिलं. बंटीचं, शिंद्यांचं, पाटणकरांचं, ह्यांचं आणि त्यांचं स्वतःचं. तरी एक जास्त होतं. मी पुन्हा मोजली. त्यांनी ते पाहिलं असावं.

"ते तुमचं," म्हणाले.

मी क्रेट तिथेच ठेवला आणि बाहेर आले. गल्लीत उभं राहून मी कधी कोणाला हाक मारलेली नाही. त्या दिवशी मारली. बंटीला त्याच्या दुकानातून, शिंद्यांना ओट्यावरून, आणि पाटणकरांना डोहाळजेवणाच्या उरलेल्या लाडवांसकट. ह्यांना हाताला धरून आणलं. काय झालं, काय झालं, असं सगळे विचारत होते. मी म्हटलं, काही झालेलं नाही, जेवायला चला.

पोतनीस वाढायला उभे राहिले. कुणाला किती वाढायचं ते त्यांना कळत नव्हतं. वाढायची सवय नव्हती. पळी सांडत होती, ते पुसत होते, पुन्हा सांडत होते. बासुंदी तळाला लागली होती. साखर इतकी की दात शिवशिवले, आणि जायफळ म्हणून त्यांनी बहुतेक सुंठ घातली होती. इतकी वाईट बासुंदी मी आयुष्यात खाल्ली नाही.

मी दोनदा मागून घेतली.